कुणी न मागितलेला शर्ट

आमच्या क्लबात कोणत्या खेळाडूची किती चलती आहे, हे सगळ्यात आधी मुकादमभाईंना कळायचं. मार्केटिंगवाल्यांकडे त्यासाठी लॅपटॉप होते, रंगीत ग्राफ होते, दर सोमवारी मीटिंग होती. मुकादमभाईंकडे धुण्याची पिशवी होती. मॅच संपली की अंगावरचे शर्ट त्या पिशवीत पडायला हवेत. सगळे पडत नसत. ज्याच्यावर लोक फिदा, त्याचा शर्ट पोरांनी कठड्यावरून मागून नेलेला असायचा. मग दुसऱ्या दिवशी मुकादमभाई नवा शर्ट छापून घ्यायची चिठ्ठी घेऊन माझ्या टेबलाशी यायचे. "ताई, ब्राझीलवाला परत उघडा आला," एवढंच बोलायचे आणि सहीसाठी पेन पुढे करायचे.

मी या क्लबात ॲडमिनला आहे. क्लबाचं नाव सांगत नाही, कारण नोकरी अजून तिथेच आहे. आम्ही राहतो इकडे अमिरातीत, मोहम्मद बिन झायद सिटीत, मूळचे डोंबिवलीचे. फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं, की ज्या माणसाकडे सगळ्या टीमचे कपडे, बूट, मोजे आहेत, त्यालाही फारसं कळत नाही. मुकादमभाई रत्नागिरीजवळच्या खाडीवरच्या गावचे. एकतीस वर्षं याच क्लबात. पण अख्खी मॅच त्यांनी कधी पाहिली नव्हती. मॅच चालू असताना ते आत मॅचनंतर घालायचे कपडे खुंटीला लावत असत. स्कोअर त्यांना बाहेरच्या आवाजावरून कळायचा. "आता आपला गोल झाला," "आता त्यांचा झाला, आपले गप बसले," असं ते आतून सांगायचे आणि कधी चुकायचे नाहीत. एकदा मी विचारलं, "भाई, ऑफसाइड म्हणजे काय हो?" तर म्हणाले, "त्यात कपडा मळत नाय."

माणसं त्यांना साइझने आठवत. जुना कोच म्हणजे "ते डबल एक्सेल," मार्केटिंगचा रामी म्हणजे "तो मीडियम, पण लार्ज मागतो." मला पहिल्या दिवशी त्यांनी आपादमस्तक बघितलं आणि स्टाफचा टी-शर्ट काढून दिला. मी म्हटलं, एक साइझ लहान चालेल. "चालेल तुम्हाला," ते म्हणाले, "बाह्यांना नाय चालणार." बाई माणसाला कुणी असं तोंडावर बोलतं का? मला रागच आला. टी-शर्ट मात्र अगदी नीट बसला.

इस्त्रीच्या बाबतीत ते कुणाचं ऐकत नसत. क्लबाने वाफेचं भलंमोठं मशीन आणलं होतं. त्यांनी त्याच्यावर टॉवेल वाळत घातले. एकदा क्लबचे एक मोठे साहेब, अस्सल अमिराती, पाहुणे यायच्या आधी अंगातल्या पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यावर कॉफी सांडून घेऊन खाली लॉन्ड्रीत आले. बरोबर चार माणसं धावपळ करतायत, ड्रायव्हर घरून दुसरा कंदुरा आणायला निघालाय. मुकादमभाई म्हणाले, "साहेब, दहा मिनिट. काढा. इथं बसा." आणि एवढा मोठा माणूस बनियन आणि लुंगीवर, चेंडूंच्या पेटीवर बसून राहिला, हातात मुकादमभाईंनी दिलेल्या बिनदुधाच्या सुलेमानी चहाचा कागदी कप. दहा मिनिटांनी कंदुरा अंगात घालून साहेबांनी आरशात बघितलं आणि विचारलं, "नवा आणलात?" मुकादमभाई खूश झाले की बोलत नसत, फक्त कान खाजवायचे. त्या दिवशी पुष्कळ वेळ कान खाजवत होते.

धुतलेला कपडा नव्यासारखा करणं, ही त्यांची कला होती. पुढे तीच त्यांच्या अंगाशी आली.

आर्पाद आमच्याकडे आला तो हंगेरीहून. वय तेहतीस, डोक्यावर केस कमी, चेहरा शाळेतल्या भूमितीच्या मास्तरांसारखा. मैदानाच्या मधोमध खेळायचा. समोरच्याकडून चेंडू काढून घ्यायचा आणि आपल्या माणसाला द्यायचा, इतकंच त्याचं काम. बाकीचे परदेशी खेळाडू म्हणजे नुसती रोषणाई. ब्राझीलच्या फॉरवर्डचे केस दर महिन्याला वेगळ्या रंगाचे, मोरोक्कोचा विंगर गोल केला की कोलांटी मारायचा. माझी मुलगी रेवा तेव्हा दहा वर्षांची होती. तिला ब्राझीलवाल्याचा शर्ट हवा होता, ऐंशी दिरहॅमचा, म्हणजे आपले दोन हजार रुपये. मी म्हटलं, अगं, त्या आर्पादचा घे, सेलमध्ये अर्ध्या किमतीत आहे. तर म्हणाली, "आई, नोबडी इज गोइंग टू नो हू दॅट इज."

पण मुकादमभाईंचा हिशोब निराळा होता. ते म्हणायचे, "ताई, ब्राझीलवाल्याची चड्डी बगा. आली तशी गेली. आणि या माणसाची बगा." आर्पादच्या चड्डीला, कोपराला, खांद्याला हिरवळीचे डाग असायचे. ते काढायला त्यांना लिंबू आणि मीठ घेऊन एकेक डाग बोटाने चोळावा लागे. "हा पडतो," ते म्हणायचे. "नव्वद मिनिट दुसऱ्यासाठी पडतो. बाहेर कुणाला दिसत नाय. मला इथं दिसतं."

शिवाय आर्पाद मोजे सुलटे करून टाकायचा. बाकीचे बोळा करून भिरकावायचे. प्रॅक्टिस झाल्यावर तो लॉन्ड्रीत येऊन बसायचा, मुकादमभाई चहा द्यायचे. दोघांचं इंग्रजी एकत्र केलं तरी जेमतेम एका माणसापुरतं व्हायचं. तरी अर्धा अर्धा तास बसलेले असत. एक घड्या घालतोय, दुसरा टॉवेलाची टोकं धरून देतोय. ईदला मुकादमभाईंनी माझ्यासाठी सांदणांचा डबा आणला आणि त्याच्यासाठीही आणला. त्याने सहा खाल्ली आणि मोबाईलमध्ये आपल्या दोन मुलींचे फोटो दाखवले. बायकोमुली तिकडेच होत्या, त्याच्या गावी.

सीझनच्या सुरुवातीला एका मॅचनंतर मी कठड्याजवळ उभी होते, पाहुण्यांच्या पासांसाठी. पोरांची ही गर्दी. ब्राझीलवाला आला, मोरोक्कोवाला आला, शर्ट निघाले, गलका झाला. त्यांच्या मागोमाग आर्पादही आला. त्यानेही शर्ट काढून हातात धरलेला. पहिल्यांदाच आला असावा, जरा लाजत होता. एका पोराने त्याच्याकडे बघून हसून हात पुढे केला. आर्पादने शर्ट पुढे धरला. पोराने त्याच्या दुसऱ्या हातात आपला मोबाईल दिला आणि म्हणाला, "ब्राझीलबरोबर माझा फोटो काढशील?"

त्याने काढला. दोन काढले, एक आडवा, एक उभा. मग शर्टाची गुंडाळी करून आत गेला. मुकादमभाई खेळाडूंच्या आत जायच्या बोगद्याच्या तोंडाशी पाण्याच्या बाटल्या गोळा करत होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

त्या दिवशी आत काय झालं, ते मला पुष्कळ नंतर समजलं. आर्पादने शर्ट पिशवीत टाकला, तेव्हा मुकादमभाईंनी तो परत बाहेर काढला आणि सांगितलं, "दिस, नो वॉश. बॉय कम. बॅक गेट. युवर शर्ट वाँट." मागच्या गेटावर एक मल्याळी पोरगा आलाय आणि त्याला तुझाच शर्ट हवाय. आर्पादने दोनदा विचारलं, माझाच? मुकादमभाईंनी दोनदा हो म्हटलं. मग तो गेल्यावर शर्ट धुतला, लिंबू-मीठ लावलं, इस्त्री केली, नव्या शर्टाची प्लास्टिकची पिशवी घेतली, त्यात घातला, आणि पुढच्या मॅचला नवा म्हणून त्याच्या खुंटीला लावला.

एकदा केलं की पुन्हा करावं लागतं. प्रत्येक घरच्या मॅचला कुणी ना कुणी मागच्या गेटावर यायला लागलं. मल्याळी पोरगा झाला, मग इजिप्तच्या एका मिसरी बाईचा मुलगा, मग मुसफ्फाहून सायकलवर येणारा एक नेपाळी, मग जुळ्या बहिणी. मुकादमभाई सांगायचे आणि आर्पाद ऐकायचा. अख्खा सीझन तो माणूस एकच शर्ट घालून खेळला.

मला ते कळलं ते चिठ्ठ्यांवरून. मार्च-एप्रिलमध्ये आर्पाद माझ्या केबिनशी थांबला आणि म्हणाला, "थँक यू. मला इतके नवे शर्ट देता. माझ्या आधीच्या क्लबात दोनच मिळायचे." मी हसून मान हलवली. तो गेल्यावर फाईल काढली. ब्राझीलवाल्याच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा, मोरोक्कोवाल्याच्या बऱ्याच, गोलकीपरच्यासुद्धा पाच-सहा. आर्पादची एकही नाही. मी खाली लॉन्ड्रीत गेले आणि म्हटलं, "भाई, हे काय चाललंय?"

त्यांनी इस्त्री उभी केली आणि सगळं सांगितलं. लपवायची त्यांना सवयच नव्हती. "ताई, कुणाचं काय गेलं? क्लबाचे पैसेपण वाचले," असं वर म्हणाले. मलाही तेव्हा ते गोडच वाटलं, खोटं कशाला सांगू. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "उद्या त्या बिचाऱ्याला कळलं तर?" मी म्हटलं, "कोण सांगणार आहे?"

मेमध्ये पुढच्या सीझनची यादी तयार झाली. परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या असतात. कुणाला ठेवायचं, कुणाला सोडायचं, ते वर ठरतं आणि पत्रं टाईप करायला माझ्याकडे येतं. मीटिंगमध्ये मिनिट्स घ्यायला मी होते. कोच म्हणाला, आर्पाद उपयोगी आहे. रामीने लॅपटॉप फिरवून ग्राफ दाखवला. ब्राझीलवाल्याची काठी एवढी उंच, मोरोक्कोवाल्याची त्याच्या खांद्याला, आणि आर्पादच्या जागी नुसती रेघ. "हबीबी, याला कोणी ओळखत नाही," रामी म्हणाला. "दुकानातले त्याचे शर्ट सेलमध्येसुद्धा पडून आहेत." खलास. आर्पादचं नाव कापलं. पत्र शेवटच्या मॅचनंतर द्यायचं, तोपर्यंत कुणाला बोलायचं नाही, असंही ठरलं.

दुसऱ्या दिवशी मुकादमभाई माझ्याकडे आले, कान खाजवत. "ताई, आर्पाद जात नाय," ते म्हणाले. मी विचारलं, कुठे जात नाही? तर गोष्ट अशी निघाली. हंगेरीत आर्पादच्या गावापासून तासाभरावर एक छोटा क्लब आहे, खालच्या डिव्हिजनचा. त्यांनी त्याला दोन वर्षांचं बोलावणं पाठवलं होतं. पैसे इथल्यापेक्षा कमी, पण घर जवळ. गुरुवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. आणि आर्पाद नाही कळवणार होता. तो मुकादमभाईंना म्हणाला होता, "इकडे लोकांना मी आवडतो. दर मॅचला कुणीतरी शर्ट मागतं. असं माझं आयुष्यात कुठे झालं नाही. क्लब मला ठेवणारच."

समोर पत्रांची फाईल होती. मी उठून दार लावलं आणि म्हटलं, "मुकादमभाई, मी हे तुम्हाला सांगायला नको. पण यादीत त्याचं नाव नाही."

त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं. खुर्ची ओढून बसले. माझ्या केबिनमध्ये ते कधी बसले नव्हते, उभ्यानेच सही घेऊन जायचे. बराच वेळ हातातली चिठ्ठी दुमडत राहिले.

"तेहतीस वर्षांचा हाय," ते म्हणाले. "हे हातचं गेलं तर दुसरं कोण घेणार त्याला?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "मी सांगू का त्याला, यादीचं?"

"नाय. तुमची नोकरी जाईल, ताई. यादीचं तुम्ही बोलायचंच नाय. शर्टाचं मी बोलतो, ते माझं हाय. तुम्ही फक्त बरोबर चला. माझं इंग्लिश धुण्यापुरतं. ह्याला पुरणार नाय."

बुधवारी प्रॅक्टिसनंतर आम्ही तिघं लॉन्ड्रीत होतो. आर्पाद नेहमीसारखा येऊन स्टुलावर बसला आणि टॉवेलाला हात घातला. मुकादमभाईंनी त्याच्या हातातून टॉवेल काढून घेतला. ते मराठीत बोलले, मी इंग्रजीत सांगितलं. फार नव्हतं. मागच्या गेटावर कुणी येत नाही. तुझा शर्ट कुणी मागितला नाही. मीच धुऊन परत तुला देत होतो. तुला बरं वाटावं म्हणून केलं, चूक केली. तू तुझ्या गावच्या लोकांना हो सांग.

मला वाटलं होतं, तो चिडेल किंवा हसेल. त्याने चौकशी सुरू केली. "मल्याळी मुलगा?" त्याने विचारलं. मी मुकादमभाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. "नो." "मिसरी बाईचा मुलगा? त्याला माझं नाव नीट घेता येत होतं म्हणाला होतास." "नो." "सायकलवाला?" "नो." "त्या जुळ्या मुली?" त्या जुळ्यांबद्दल त्याने घरी आपल्या मुलींना फोनवर सांगितलं होतं, हे तेव्हा कळलं. मुकादमभाईंनी त्यांनाही नो म्हटलं. त्याला एकूण एक लक्षात होते. मला तिथे उभं राहणं नको झालं.

शेवटी त्याने विचारलं, "नॉट वन?"

इतक्याला भाषांतराची गरज नव्हती. मुकादमभाईंनी माझ्याकडे बघितलं, आणि मला, खरं सांगते, वाटलं की एक तरी सांगून टाका. एका खोट्याने काय बिघडतंय? आठवणीला एक पोरगा तरी राहील त्याच्याकडे. पण ते त्याच्याकडेच वळले आणि म्हणाले, "नॉट वन."

आर्पाद उठला, बाहेर गेला. कॉरिडॉरमधून त्याचा फोनवर हंगेरियनमध्ये बोलण्याचा आवाज येत होता. गुरुवारी त्याने तिकडे होकार कळवला, हे मला ऑफिसातच कळलं, कारण ट्रान्सफरचे कागद माझ्याकडे आले. म्हणजे काम झालं होतं. पण लॉन्ड्रीत तो परत आला नाही. कपडे दुसऱ्या कुणाबरोबर पाठवायचा. समोरासमोर आला तर मान हलवून पुढे जायचा. मुकादमभाई दोन कप काढायचे आणि मग एक परत ठेवायचे. मी एकदा म्हटलं, "भाई, तुम्ही त्याचं भलंच केलंत." तर म्हणाले, "हा, पण आधी वाईट केलं मी. आता दोन्ही त्याच्या हिशोबात हाय." त्यांना फार लागलं होतं, आणि मलाही लागलं होतं, मीही तेव्हा गोड म्हणून हसले होते.

त्याच जूनमध्ये मुकादमभाईंचा व्हिसा संपत होता. साठी झाली होती, मुलगा गावी बोलावत होता. म्हणून सीझनची शेवटची मॅच ही त्यांचीही शेवटची. मी रेवाला घेऊन गेले होते. संध्याकाळ असली तरी उकाडा भट्टीसारखा, खेळाडूंना मध्येच पाणी प्यायला थांबवावं लागत होतं. आर्पाद नेहमीसारखा खेळला. पडला, उठला, चेंडू काढला, दुसऱ्याला दिला. मॅच बरोबरीत सुटली.

शिट्टी झाली आणि पोरं कठड्याकडे धावली. रेवाही धावली, तिच्यामागे मी. आणि त्या गर्दीत, दहा-बारा वर्षांच्या पोरांच्या रांगेत, मला मुकादमभाई दिसले. क्लबचा टी-शर्ट त्यांनी काढून ठेवला होता, अंगात स्वतःचा पांढरा झब्बा होता. स्टाफने खेळाडूंकडे काही मागायचं नाही, असा आमच्याकडे कडक नियम आहे, आणि एकतीस वर्षांत त्यांनी कुणाकडून साधा रुमाल घेतला नव्हता. ते बाहेरून वळसा घालून प्रेक्षकांच्या जिन्याने आले होते. पोरं ढकलत होती, ते कठड्याला धरून उभे होते.

ब्राझीलवाला आधी आला. म्हाताऱ्याला बघून त्याला हसू आलं, आणि मनाचा दिलदार असल्यामुळे त्याने सगळ्या पोरांना सोडून शर्ट त्यांच्याच हातात दिला. मुकादमभाईंनी तो तसाच शेजारी उभ्या असलेल्या रेवाला दिला. रेवा बघतच राहिली. ते मान उंच करून मागे बघत होते.

आर्पाद सगळ्यांच्या शेवटी, मान खाली घालून बोगद्याकडे चालला होता. कठड्याकडे बघतही नव्हता. मुकादमभाई हळू बोलणारा माणूस. मी त्यांचा आवाज चढलेला कधी ऐकला नव्हता. त्या दिवशी ते त्याच्या नावाने ओरडले, एकदा, दोनदा, तीनदा. पोरंही वळून बघायला लागली, की हा कुणाला हाक मारतोय.

आर्पाद थांबला. मग कठड्यापाशी आला. दोघांमध्ये लोखंडी नळी आणि पोरांची डोकी. मुकादमभाईंनी हात पुढे केला आणि म्हणाले, "शर्ट, प्लीज."

आर्पादने त्यांच्याकडे नीट बघितलं. चेहऱ्यावर काही नव्हतं.

"फॉर हूम?" त्याने विचारलं.

"फॉर मी," मुकादमभाई म्हणाले, आणि हात तसाच पुढे ठेवला.